पिवळी सोंगटी

टक्. बाथरूममध्ये बेसिनच्या कडेला ठेवलेल्या राइस कुकरचा खटका वर उडाला आणि मोटेलच्या खोलीतली शांतता, कागदाला कुणी सुई टोचावी तशी, एवढीशी फुटली. प्रसन्न कुशीवर वळला, पण जागा झाला नाही. दीपा दुसऱ्या पलंगावर पालथी झोपली होती. अंगात कालचाच फ्रॉक, आणि फ्रॉकवर लावलेली ती जांभळी रिबन तिच्याच अंगाखाली चुरगळलेली. लतिका खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर खणाची थैली घेऊन. कुकर उघडायला हवा होता, खिचडी डब्यात भरायला हवी होती, कारण वाटेत हॉटडॉगशिवाय काही मिळत नाही आणि दीपा हॉटडॉगला तोंड लावत नाही. पण थैलीच्या गाठीवर थांबलेला हात हलेना. निघण्यापूर्वी कवड्या मोजून घ्याव्यात, एवढ्याच विचाराने तिने थैली उचलली होती, आणि गाठ ओळखीची निघाली. निरगाठ. दोन वेढे, वर आणखी एक, आणि उरलेलं टोक मागून खोचलेलं. वळकटीला मारायला आईने शिकवलेली, प्रवासाची गाठ. या पिओरिया गावात ती दुसऱ्या कुणाला मारता येईल असं वाटत नव्हतं. शुक्रवारी सकाळी, स्वतः बनवलेल्या पटावरच्या खेळांच्या स्पर्धेत, आपला खेळ परीक्षकांच्या टेबलावर ठेवताना तिनेच ती मारली होती, आणि काल संध्याकाळी खेळ परत आला तेव्हाही ती तशीच होती, टोकसुद्धा तिच्याच पद्धतीने डावीकडे खोचलेलं. थैलीत कवड्या होत्या आणि सोंगट्या होत्या. कवड्यांशिवाय दान पडत नाही, दानाशिवाय सोंगटी हलत नाही. म्हणजे तिचा खेळ कुणी खेळलंच नव्हतं.

आधी काहीच वाटलं नाही. मग कानांच्या पाळ्या तापल्या. काल संध्याकाळी किती हसली होती ती! परीक्षकांपैकी सगळ्यात मोठा, डग नावाचा दाढीवाला माणूस, स्वतः तिच्या टेबलापर्यंत आला होता. त्याने दीपाच्या फ्रॉकला रिबन लावली, आजूबाजूच्या टेबलांवरच्या चार लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि लतिकाने थँक यू, थँक यू म्हणत मान इतक्यांदा हलवली, की आता आठवून तिला तिची मान दुसऱ्याच कुणाची तरी वाटायला लागली. बाकीच्या चौदा जणांना बंद पाकिटं मिळाली होती. पाकिटात तिन्ही परीक्षकांचे कागद, पन्नासपैकी मार्क, खाली काय जमलं आणि काय फसलं ते दोन-चार ओळींत. शेजारच्या टेबलावरच्या ओहायोच्या माणसाला एकोणीस मिळाले होते. लिहिलं होतं की नियम गुंतागुंतीचे आहेत आणि शेवट कंटाळवाणा आहे. तो माणूस चिडून लाल झाला होता, सगळ्यांना कागद दाखवत सुटला होता, आणि लतिकाला त्याची कीव आली होती. कीव! तिच्या हातात एक कार्ड होतं. 'सौंदर्य आणि जिव्हाळा यांसाठी खास कौतुक.' मार्कांच्या चौकोनात आकडा नव्हता. कुणीतरी तिथे हसरा चेहरा काढला होता.

दोन वर्षं लागली होती. दोन वर्षं म्हणजे सलग नव्हेत. दीपा दुपारी झोपायची तो एक तास, मग दीपा झोपेनाशी झाली तेव्हा शाळेची बस येईपर्यंतची वीस मिनिटं, वॉशिंग मशीन फिरत असतानाचा अर्धामुर्धा वेळ. घरी, स्कोकीच्या अपार्टमेंटच्या तळघरात, लाँड्रीच्या टेबलावर, प्रसन्नच्या ड्रॉइंगच्या पेनांनी तिने पहिला पट आखला तेव्हा शेजारच्या मशीनच्या थरथरीने रेघा वाकड्या आल्या होत्या, आणि त्या वाकड्या रेघा तिला इतक्या आवडल्या की पुढच्या प्रत्येक पटावर तिने त्या मुद्दाम तशाच काढल्या. गावातल्या गल्ल्या कुठे सरळ असतात? खेळाचं नाव 'दिवेलागण'. चार मुलं मैदानावरून घरी निघालेली. वाटेत शाळा, चिंच, विहीर, पिठाची गिरणी. दिवे लागायच्या आत घरी पोचायचं. पाच कवड्या टाकायच्या, उताण्या पडतील तितकी घरं चालायचं. सगळ्या पालथ्या पडल्या की दिवा एक पाऊल पुढे येतो. कुणी तुमच्या घरात येऊन तुम्हाला मारलं की परत मैदानावर. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या साडीच्या दुकानातून खणाचा तुकडा आणून तिने थैली शिवली. लाकडी सोंगट्यांना नेलपॉलिश लावलं, लाल, गुलाबी आणि एक तपकिरी, आणि चौथीला द्यायला पिवळं नेलपॉलिश कुठल्याच दुकानात मिळेना म्हणून तिला हळद चोळली आणि वरून व्हार्निशचा हात दिला. ती पिवळी सोंगटी खेळातल्या सगळ्यात लहान भिडूची. तिचं नाव लिंबूटिंबू.

अकरा पानांचे नियम तिने इंग्रजीत टाइप केले होते आणि त्यातलं सातवं पान लिहायला तिला सगळ्यात जास्त दिवस लागले होते. लिंबूटिंबू म्हणजे काय हे अमेरिकन माणसाला कसं सांगायचं? वर्ध्याला, शिक्षकांच्या क्वार्टर्समागे, डब्बा ऐसपैस रंगात आलेला असायचा आणि लतिका पाच वर्षांची, धावून धावून धापा टाकायची, नि तिला कळायचंच नाही की आपल्यावर राज्य का येत नाही. आऊट झालं तरी कुणी आऊट म्हणत नाही. सगळे तिला खेळात घेत, सगळे तिचे लाड करत, मोठ्या मुलींतली सुलेखाताई तर तिचा हात धरून धावे. एकदा मात्र तिने खरोखर, कुणाच्याही मदतीशिवाय, टाकीमागून येऊन डबा उडवला होता. डब्याचा तो आवाज तिला अजून ऐकू येतो. राज्य असलेला मुलगा परत सगळ्यांना शोधायला निघायला हवा होता. तो जागचा हलला नाही. सगळे हसले. सुलेखाताईने डबा उचलून जागेवर ठेवला आणि तिच्या गालाचा पापा घेऊन म्हणाली, "अगं सोन्या, तू लिंबूटिंबू ना? तुझं धरत नाहीत." ती रडली नव्हती. ती घरी गेली होती आणि आईने विचारलं तेव्हा पोट दुखतंय म्हणाली होती, आणि खरोखरच दुखत होतं. म्हणून सातव्या पानावर तिने लिहिलं: लिंबूटिंबूला कुणी मारू शकत नाही. आणि मग नवी ओळ करून, खाली रेघ मारून लिहिलं: पण लिंबूटिंबूने मारलेलं धरायचं. या एका ओळीवर सगळा खेळ उभा होता. मोठे भिडू घाईत पुढे पळतात आणि सगळ्यात लहान मूल मागून येऊन त्यांना मैदानावर पाठवतं. त्या ओळीमुळे मोठ्या माणसांना लहानांकडे वळून बघत चालावं लागतं. तेवढ्यासाठी तर तिने तो केला होता.

खेळ नीट चालतो की नाही हे खेळूनच कळतं. वहीत तिने प्रत्येक डाव लिहिला होता, कोण कोण बसलं, किती वेळ लागला, कोण जिंकलं. चव्वेचाळीस डाव. त्यातले अकरा तिने गेल्या फेब्रुवारीत लाल पेनने खोडले. कारण तोपर्यंत तिला कळलं होतं की प्रसन्न मुद्दाम हरतो. दीपाशी हरायचा ते ठीक, बाप आहे. पण तो लतिकाशीही हरत होता. मारता येत असताना मारत नव्हता, वळसा घालून जात होता आणि वर ओठ दाबून, दाखवून न दाखवल्यासारखा, हसत होता. तिने वही पुढे केली तेव्हा तो खरंच गोंधळला. अगं, तू एवढी खपतेस त्याच्यावर, मला काय प्रूव्ह करायचंय जिंकून? प्रेमाने म्हणाला. आणि प्रेमानेच म्हणाला म्हणून तिला भांडता आलं नाही. आकडे चुकतात प्रसन्न, एवढंच ती म्हणाली. मराठी मंडळाच्या दिवाळीलाही तेच. श्रीरामकाका, म्हणजे भूल देणारे डॉक्टर, सगळ्यांत वडील, पटाशी बसले. दोन दानं टाकली, वा वा म्हणाले, आमच्या सूनबाईंच्या हातात कला आहे म्हणाले, आणि डाव अर्धा ठेवून पुरीभाजी घ्यायला उठले. नंतर दोनदा येऊन विचारून गेले, मी जिंकलो की नाही गं? या खेळात काकांचं धरत नाहीत, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

इथे तसं होणार नाही, असं तिला वाटलं होतं. इथे तिला कुणी ओळखत नव्हतं. इथे ती कुणाची सून नव्हती, बायको नव्हती. पंधरावा खेळ, टेबल बत्तीस. परक्या माणसांकडून माणसाला एक गोष्ट मिळू शकते, ती म्हणजे खरं काय ते. तेवढ्यासाठी ती तीन तासांच्या रस्त्यावर राइस कुकर मांडीवर घेऊन आली होती. आणि परक्या माणसांनी तिच्या गालाचा पापा घेऊन डबा जागेवर ठेवला होता.

मग दुसराच विचार आला, आणि तो आल्यावर तिला खुर्चीत नीट बसवेना. निरगाठ का मारलीस? थैली नेहमी सुरगाठीची. एक टोक ओढलं की सुटते, दीपासुद्धा सोडते. परीक्षकांसमोर ठेवायची वस्तू, ती कुणीतरी उघडावी म्हणूनच ठेवायची ना? मग वळकटीची गाठ का? प्रवासात सांडू नये म्हणून, हे खरं. पण प्रवास तर टेबलाशी पोचल्यावर संपला होता आणि गाठ तिने टेबलाशी उभी राहून मारली होती. हातांना भीती वाटली होती की काय? कुणी उघडूच नये असं आत कुठेतरी वाटत होतं का? ती त्या विचाराभोवती थोडी फिरली. मग तिला एकदम संताप आला, स्वतःचाच. हे बरं आहे, चूक त्यांची आणि झडती माझी. गाठ म्हणजे कुलूप नव्हे. ज्याला उघडायचंय त्याला निरगाठ सुटते. नखं असतात, दात असतात, तोंड असतं विचारायला, बाई, हे सोडतात कसं?

प्रसन्न उठला तेव्हा खिचडी डब्यात भरलेली होती आणि ती चपला घालून तयार होती. तिने त्याला गाठ दाखवली. त्याला आधी कळलंच नाही, मग कळलं, आणि तो पलंगावर बसून डोळे चोळत राहिला. रिबन तर मिळाली ना, म्हणाला. पंधरातल्या किती जणांना मिळाली? आता कशाला सीन करायचा, दहापर्यंत निघू यार, परत आय-फिफ्टीफाइव्हला ट्रॅफिक लागतो. तिने कंगवा उचलला. दीपाचे केस विंचरताना तिचा हात जरा जोरात चालला असावा, कारण दीपा आऊच म्हणाली. रिबन काढून दे गं सोन्या, आईला परत करायचीये, असं लतिका म्हणाली. दीपाने दोन्ही हात छातीवर घट्ट धरले. "नो. वी वन इट." लतिकाने बोटं पुढे केली आणि मागे घेतली. सात वर्षांच्या पोरीच्या छातीवरून काय ओरबाडून काढणार होती ती?

हॉलमध्ये रविवारची मरगळ होती. लोक टेबलं आवरत होते, कागदी कपांतून कॉफी पीत होते, कालपर्यंत युद्धं आणि राज्यं मांडलेल्या टेबलांवर आता नुसते रबरबँड पडले होते. सगळीकडे पुरुष. बाया दिसत होत्या त्या कुणाच्या तरी पिशव्या धरून उभ्या. डग परीक्षकांच्या टेबलाशी खोक्यात कागद भरत होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला आणि तिथेच तिचा अर्धा धीर गेला, कारण माणूस खरंच चांगला होता. दुष्ट माणसाशी कसं बोलायचं हे तिला ठाऊक होतं. तिने थैली त्याच्यापुढे ठेवली आणि विचारलं, ही तुम्ही उघडली होती का? तो म्हणाला, किती सुंदर आहे ती, आम्ही तिघंही कितीतरी वेळ बघत होतो. त्याच्या बायकोलाही बोलावून दाखवली होती म्हणे. ती पुन्हा म्हणाली, उघडली होती का? हातातले कागद त्याने खोक्यात ठेवले. मग त्याने समजावून सांगितलं, हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून, जणू तिला इंग्रजी कमी समजतं. त्यांना वाटलं ती थैली तशीच ठेवायची वस्तू आहे. आणि खेळ इतका वेगळा, तिच्या देशातला, त्याला रणगाडे आणि शेअरबाजाराच्या खेळांशेजारी बसवून मार्क देणं तिच्यावर अन्याय झाला असता. कमी मार्क देऊन कुणाला तिचं मन मोडायचं नव्हतं. आणि बरोबर लहान मुलगी.

"माझं मन मोडा," लतिका म्हणाली. तिचं इंग्रजी तिच्या स्वतःच्या कानांना मराठीसारखं ऐकू येत होतं. "ओहायोच्या माणसाला तुम्ही एकोणीस दिलेत. मला बारा द्या. पण खेळून द्या."

मागे प्रसन्न येऊन उभा राहिला होता, हातात गाडीच्या किल्ल्या. किल्ल्यांचा आवाज होत होता तो थांबला. डगने घड्याळ बघितलं. साडेअकराला बक्षीससमारंभ, त्याला वीस मिनिटं होती. गुणांची यादी काल रात्रीच बंद झाली आहे, आता त्यात काही भरता येणार नाही, असं तो म्हणाला, पण बसला. बसला तो दीपाकडे बघून, तिला डोळा मिचकावून, आणि लतिकाला सुलेखाताईने जागेवर ठेवलेला डबा आठवला. तिने गाठ सोडली. सोडायला वेळ लागला, नख दुखावलं, पण तिने ती कुणाला सोडू दिली नाही. पट उलगडला. कवड्या त्याच्या मोठ्या गुलाबी तळव्यावर ठेवल्या तेव्हा त्याने त्या नाणी पारखावीत तशा निरखल्या. दीपाने पिवळी सोंगटी घेतली.

पहिली काही दानं तो मोठमोठ्याने ओ म्हणत, आ म्हणत खेळला, लहान मुलांशी खेळतात तसा. चिंचेपाशी दीपाला चार पडले आणि तिने मोजून मोजून, जीभ बाहेर काढून, त्याची तपकिरी सोंगटी मारली. डग हसला. शाबास, म्हणाला, आणि सोंगटी होती तिथेच ठेवून त्याने कवड्या उचलल्या.

"सोंगटी मैदानावर," लतिका म्हणाली.

"ती लहान आहे म्हणून मला वाटलं—"

"पान सात," ती म्हणाली. "तिचं धरायचं."

त्याने नियम उघडले. सातवं पान वाचलं, एकदा भरभर आणि मग पुन्हा सावकाश, रेघ मारलेल्या ओळीवर बोट ठेवून. पटाकडे बघितलं. मागून आलेल्या पिवळ्या सोंगटीकडे बघितलं, आपली पुढची वाट मोजली, आणि तपकिरी सोंगटी उचलून परत मैदानावर ठेवली. त्यानंतर तो ओ आणि आ म्हणाला नाही. दाढीत बोटं घालून खेळू लागला. एकदा त्याने लतिकाला मारलं, सरळ, न कचरता, सॉरीसुद्धा न म्हणता, आणि आपली लाल सोंगटी मैदानावर नेऊन ठेवताना तिला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी येईल की काय अशी तिला भीती वाटली. पटावर दिवा तीन पावलं आला होता. डाव विहिरीपाशी पोचल्यावर कुणीतरी लांबून डगला हाक मारली. तो उठला, पण उभ्याउभ्या पटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, विहिरीपासून पुढे खेळ झोपतो. तिथे मला काही ठरवावं लागत नाही, नुसतं दान टाकायचं नि चालायचं. तिथे काहीतरी हवं.

ठाऊक होतं तिला. वहीत बावीस नंबरच्या डावाखाली तिनेच लिहिलं होतं, विहिरीनंतर ढेपाळतो. दोन वर्षांत हे तिला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांना खण आवडला होता. तिने विचारलं, मग किती दिले असते? पटावरून एकदा नजर फिरवून तो म्हणाला, "एकतीस. पहिल्या तिघांत आली नसतीस. पण ते पान सात मी विसरणार नाही." आणि तो गेला. कागदावर काहीच लिहिलं नाही. यादी बंद होती. लाउडस्पीकरवरून पहिलं नाव पुकारलं गेलं तेव्हा लतिकाला तो आकडा तोंडात धरल्यासारखा वाटत होता, एकतीस, ना गिळता येत ना थुंकता. परका माणूस खरं बोलला होता, पण कधी? सगळं संपल्यावर, कुणी ऐकत नसताना, उभ्याउभ्या. तिने भांडून मिळवलेला आकडा तो. भांडली नसती तर ती हसत हसत घरी गेली असती, आणि मंडळात श्रीरामकाकांनी त्या रिबनचा फोटो काढला असता. पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी, प्रत्येक टेबलाशी तिने असं उभं राहून धरा, धरा, माझं धरा म्हणत बसायचं का?

प्रसन्न खाली वाकला आणि न सांगता कवड्या गोळा करायला लागला. घसा खाकरून, अगदी हळू, म्हणाला, विहिरीपाशी दोन वाटा फोडल्यास तर? तिने त्याच्याकडे बघितलं. या माणसाला हे कधीपासून माहीत होतं? की हरता हरता त्याने सगळा खेळ नीट बघितला होता आणि एक अक्षर काढलं नव्हतं? रागवावं की नाही हे तिला ठरवता येईना. घरी गेल्यावर नव्याने खेळू, ती म्हणाली, आणि या वेळी मला मार. तो हो म्हणाला, किल्ल्या खिशात टाकत.

दीपा उठली नव्हती. अर्ध्या राहिलेल्या डावासमोर गुडघ्यांवर बसून ती पिवळी सोंगटी बोटांत फिरवत होती, आणि हळदीचा किंचित रंग तिच्या बोटांना लागला होता. व्हार्निश कुठेतरी उडालं असावं. फ्रॉकवरची जांभळी रिबन एका बाजूने सुटून लोंबत होती. समारंभातल्या टाळ्या संपल्या. मग तिने डग गेला त्या दिशेला बघितलं, आईच्या हातातल्या अकरा पानांकडे बघितलं आणि विचारलं, "आई, बट लिंबूटिंबू असणं संपतं कधी? संपलं म्हणून तुला कोणी सांगितलं? हू टेल्स यू?"